कापावे की ठेवावे? बांडगूळ आणि पीकॉक रॉयल

पीकॉक रॉयल हे लायसेनिडी कुळातले छोटे फुलपाखरू. पंख पूर्ण पसरले तरी ते साडेतीन-चार सेंटिमीटरच्या आसपास भरते. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान क्रिस्तियान फाब्रिसियस याने १७९८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. ‘ताजुरिया सिप्पस’ हे तिचे आजचे शास्त्रीय नाव. श्रीलंका आणि भारतापासून आग्नेय आशियापर्यंत ती आढळते. कोकण आणि सह्याद्री याच पट्ट्यात येतात. नराच्या पंखांची वरची बाजू झळझळीत मोरपिशी निळी असून पुढच्या पंखाच्या टोकाला रुंद काळा पट्टा असतो. मादीचा निळा रंग फिका असतो. बसलेल्या फुलपाखराचा हा रंग सहसा दिसत नाही, कारण ते पंख मिटून बसते आणि खालची बाजू राखाडी असते. त्या राखाडी पंखांवरून एक बारीक गडद रेघ जाते. अशी केसाएवढी रेघ मिरवणाऱ्या गटाला हेअरस्ट्रीक म्हणतात. मागच्या प्रत्येक पंखाला दोन नाजूक शेपट्या असतात आणि त्यांच्या बुडाशी नारिंगी झाक असलेले काळे ठिपके.

हे फुलपाखरू जगते ते बांडगुळाच्या आधाराने, आणि आंबा-काजूच्या बागायतदाराला नेमके तेच नको असते. संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले देवरूख सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हापूसची कलमे, काजूच्या बागा, बांधावरचे रायवळ आंबे, ऐन-किंजळाचे जंगल आणि गावोगावच्या देवरहाट्या (देवराया) इथे एकमेकांना लागून आहेत. म्हणून बांडगुळाचा प्रश्न एका बागेच्या गडग्याआत राहत नाही. त्याच्या दोन बाजू पुढील संवादात मांडल्या आहेत. एक बाजू बागायतदाराची आहे, तर दुसरी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाची.

बांडगूळ म्हणजे काय

बागायतदार : सर, झाड माझं, खत माझं, राखण माझी, आणि हे वर बसून आयतं खाणार. बांडगूळ म्हणजे फुकट्या, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याची बाजू घेण्यासारखं त्यात आहे काय?

प्राध्यापक : काका, पूर्ण फुकटं नाही ते. पानं बघा, चांगली जाड आणि हिरवी आहेत. अन्न ते स्वतःच तयार करतं. झाडाकडून घेतं ते पाणी आणि क्षार. म्हणून शास्त्रात त्याला अर्धपरजीवी म्हणतात. अमरवेलीसारखं ते सगळंच ओरबाडत नाही.

बागायतदार : पाणी घेतं, हे काय थोडं झालं? आमच्या कातळावरच्या बागा पावसावर. डिसेंबरनंतर जमिनीत ओल ती किती राहते? त्यातच मोहोर यायचा, फळ धरायचं. त्याच वेळी हे वरून पाणी ओढणार.

प्राध्यापक : तुमचं म्हणणं खरं आहे. बांडगुळाची पानं झाडाच्या पानांपेक्षा जास्त बाष्प सोडतात आणि टंचाईतही हात आखडता घेत नाहीत. पाणी आपल्याकडे खेचायची त्यांची युक्तीच ती. फांदीवर जिथं ते रुजतं तिथं गाठ येते, आणि गाठीपुढची फांदी हळूहळू वाळते.

कोकणातल्या झाडांवर सर्रास दिसणारे बांडगूळ म्हणजे ‘डेन्ड्रोफ्थोई फाल्काटा’. जुन्या ग्रंथांत ते ‘लोरँथस लाँगिफ्लोरस’ या नावाने भेटते. आंबा, काजू, फणस, ऐन, किंजळ अशा अनेक जातींच्या झाडांवर ते वाढते. फांदीच्या सालीत घुसलेला त्याचा शोषक भाग आतल्या जलवाहिन्यांशी जोडला जातो. वरची पाने ओरबाडून काढली तरी हा भाग जिवंत राहतो आणि तिथूनच पुन्हा कोंब फुटतात.

अळीचे घर

बागायतदार : ठीक. पण फुलपाखराला एवढीच एक वनस्पती मिळाली? रानात काय झाडपाल्याला तोटा आहे?

प्राध्यापक : फुलातला रस ते अनेक झाडांचा घेतं. खोळंबा आहे तो अळीचा. फुलपाखराची अळी दिसेल ते पान खात नाही. प्रत्येक जातीची खाद्यवनस्पती ठरलेली असते. पीकॉक रॉयलच्या अळीला बांडगुळाच्या कुळातली पानं लागतात. मादीही अंडी घालायला तिथंच येते.

मादी अंडी घालताना सहज ओळखता येते. ती बांडगुळाच्या झुबक्याभोवती घिरट्या घालते, पानावर उतरते आणि काही पावले चालते. पायांवरच्या संवेदकांनी ती पानाची चव पारखते. जागा पटली की पोट वळवून एक अंडे चिकटवते आणि पुढच्या जागेकडे उडते. अंडी एकेकटी, पांगून घातली जातात. अंड्यातून निघालेली अळी चपटी असते. डोके आणि पाय अंगाखाली झाकलेले. रंग मळकट, हिरवट-तपकिरी. खाऊन झाले की ती डहाळीला चिकटून राहते आणि बांडगुळाच्या गाठी-खवल्यांत मिसळून जाते. वाढ पूर्ण झाल्यावर तिचा कोष होतो. तोही सालीच्या रंगाचा आणि जागेला घट्ट चिकटलेला.

पश्चिम किनाऱ्यावरील फुलपाखरांच्या अळ्या कोणत्या वनस्पतीवर वाढतात, याचा पद्धतशीर शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. कारवार परिसरात जे. डेव्हिडसन, टी. आर. बेल आणि ई. एच. एटकेन यांनी अळ्या घरी वाढवून नोंदी केल्या. त्यांची उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरील लेखमाला १८९६-९७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आली. बेल वनाधिकारी होते. ‘एहा’ या नावाने लिहिणारे एटकेन मीठ आणि जकात खात्यात होते, आणि त्यांच्या नोकरीचा काही काळ रत्नागिरीतही गेला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होते.

बागायतदार : म्हणजे एका फुलपाखरासाठी हे सगळं?

प्राध्यापक : एकासाठी नाही. तुमच्या अंगणात येणारं हळदीकुंकू फुलपाखरू आहे ना, पांढरं-पिवळं आणि मागच्या पंखांच्या कडेला लाल ठिपके? त्याची अळीसुद्धा बांडगुळावरच वाढते. गॉडी बॅरनचीही तीच गत. ताजुरिया वंशातल्या इतर जाती आहेतच. एका झुबक्यावर एवढी कुटुंबं नांदतात.

बागायतदार : हळदीकुंकू ओळखतो. ते आरामात उडतं, घाई म्हणून नाही.

प्राध्यापक : कारण त्याला भीती नाही. त्याच्या अंगात पक्ष्यांना न रुचणारी द्रव्यं असतात, आणि भडक रंग हा त्याचा इशारा. ते अंडीही पुंजक्याने घालतं, अळ्या घोळक्यानं राहतात. पीकॉक रॉयलकडे तसलं काही नाही. त्यामुळे अंडी पांगून, अळी लपून आणि फुलपाखरू फसवून जगतं. झुबका एकच, पण जगण्याच्या रीती दोन.

फसवे डोके

पीकॉक रॉयल पानावर उतरल्यावर मिटलेले मागचे पंख आलटून-पालटून पुढे-मागे सरकवते. त्याबरोबर शेपट्या हलतात आणि त्या टोकाला मिशा असलेले डोके असल्याचा भास होतो. शेजारचे काळे-नारिंगी ठिपके डोळ्यांसारखे दिसतात. पंखावरची रेघही नजर त्याच टोकाकडे नेते. खरे डोके दुसऱ्या बाजूला स्थिर असते.

बागायतदार : आणि पक्षी याला फसतात? पक्षी काय एवढे भोळे?

प्राध्यापक : नेहमी फसतात असं नाही. पण या गटातली फुलपाखरं पाहिलीत तर मागच्या पंखाचा शेपटीकडचाच तुकडा गेलेली बरीच सापडतात, आणि तरी ती मजेत उडत असतात. चोच डोक्यावर पडली असती तर उडायला ती राहिलीच नसती. कोळ्यावर तर प्रयोगच झालाय. २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या आंद्रेई सुराकोव्ह यांनी उडी मारून शिकार करणाऱ्या कोळ्यासमोर एक हेअरस्ट्रीक ठेवलं. कोळी झेपावला तो खोट्या डोक्यावर, आणि फुलपाखरू निसटलं. दुसऱ्या गटातली फुलपाखरं-पतंग त्याच कोळ्याच्या तावडीत सापडली.

बागायतदार : अळीला तर पंख नाहीत. तिला मुंग्या सोडतात कशा? आमच्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांची पानं शिवून केलेली घरटी असतात. त्या माणसाला सोडत नाहीत.

प्राध्यापक : लायसेनिडी कुळाची गंमत तिथंच आहे. या कुळातल्या बऱ्याच अळ्यांच्या पाठीवर गोड द्रव सोडणारी ग्रंथी असते. मुंग्या तो चाटतात आणि अळीला खाण्याऐवजी तिची राखण करतात. आपल्या ऐन-किंजळावर वाढणाऱ्या लार्ज ओकब्लू या फुलपाखराच्या अळ्यांभोवती याच तांबड्या मुंग्यांचा पहारा असतो. मुंग्यांशी नातं प्रत्येक जातीत सारखं नसतं. काहींचं घट्ट, काहींचं नावापुरतं.

बी कोण पेरते

बागायतदार : आता माझा खरा मुद्दा ऐका. मी दरवर्षी माणूस लावून बांडगूळ काढतो. झाडावर चढणारे गडी मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. आणि दोन वर्षांत पुन्हा तेच. का? तर रहाटीतल्या झाडांवर ते माजलेलं असतं आणि पक्षी बी आणून माझ्या कलमांवर टाकतात. तुम्ही रहाटीत जपणार, भोगणार मी.

प्राध्यापक : बी पक्षीच आणतात, हे अगदी बरोबर. कोकणातल्या निरीक्षणांवरून सालिम अली यांनी १९३१ मध्ये यावर लेख लिहिलाय. शिंजीर आणि फुलटोच्या हे पक्षी बांडगुळाचा प्रसार कसा करतात, हाच त्याचा विषय.

बांडगुळाचे फूल लांब, नळीसारखे आणि किंचित वाकडे असते. फुलटोच्या पक्व कळी चोचीत दाबतो, तशी ती एकदम उघडते आणि पराग त्याच्या कपाळावर उडतात. पुढच्या कळीत चोच घालताना तेच पराग तिथे लागतात. फळ छोटे, आत एकच बी आणि भोवती कमालीचा चिकट गर. फुलटोच्या फळ गिळतो आणि थोड्याच वेळात बी विष्ठेवाटे बाहेर पडते. चिकटपणामुळे ते सहज सुटत नाही. मग पक्षी फांदीवर अंग घासतो आणि बी सालीला चिकटते. ओळीने चिकटलेल्या अशा बिया काजूच्या किंवा आंब्याच्या फांदीवर उन्हाळ्यात जवळून पाहायला मिळतात. मातीची गरज नसते. बी तिथेच रुजते आणि अंकुर सालीत शिरतो.

प्राध्यापक : पण काका, फुलटोच्या अंगठ्याएवढा पक्षी. फळ गिळल्यापासून बी बाहेर पडेपर्यंत फार वेळ जात नाही. म्हणजे बरंचसं बी जवळच्याच झाडांवर पडतं. तुमच्या बागेत येणारं बी सगळं रहाटीतलं नाही. पुष्कळसं तुमच्याच उंच फांद्यांवरच्या जुन्या झुबक्यांचं, नाहीतर शेजारच्या पडीक बागेतलं.

बागायतदार : शेजारचा मुंबईला. बाग करारानं देतो. करार घेणारा फळ काढतो, झाडाकडे कोण बघतो?

प्राध्यापक : मग दोष रहाटीला का द्यायचा? माजलेलं बांडगूळ बघायचं तर अशा बागा बघा.

काढून टाकल्यावर काय होते

बागायतदार : समजा, सगळीकडचं बांडगूळ काढलं. बागेतलं, रहाटीतलं, रस्त्याकडेचं. जगबुडी येणार आहे का?

प्राध्यापक : कोणीतरी तसं करून पाहिलंय. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग यांनी वनांच्या चाळीस तुकड्यांचा अभ्यास केला. सतरा तुकड्यांतलं बांडगूळ पूर्ण काढलं, अकरा तसेच ठेवले, आणि बारांत मुळातच बांडगूळ नव्हतं. तीन वर्षांनी पाहिलं तर बांडगूळ काढलेल्या ठिकाणी जंगलावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांच्या जातींत एक चतुर्थांशाहून अधिक घट झाली होती. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

बागायतदार : फळ खाणारे पक्षी गेले असतील. त्यात नवल काय?

प्राध्यापक : नवल हे की कमी झाले त्यांत किडे खाणारे पक्षी जास्त होते. झाड आपली पानं गाळण्याआधी त्यांतली पोषकद्रव्यं परत ओढून घेतं. बांडगूळ तसं फारसं करत नाही. त्यामुळे त्याची गळलेली पानं सकस असतात. खाली पालापाचोळ्यात किडे वाढतात आणि पक्षी त्यांवर जगतात.

बागायतदार : तिथली झाडं निलगिरीची, हवा कोरडी. आमच्याकडे चार महिने धो-धो पाऊस. तिथला हिशेब इथं कसा लावायचा?

प्राध्यापक : आकडा जसाच्या तसा लावायचा नाही, हे मान्य. पण पानाशी बांधलेल्या अळीचा हिशेब कुठंही तोच. खाद्यवनस्पती गेली की फुलपाखरू गेलं. बाकीचं रान कितीही हिरवं असो.

बागायतदार : मग आंब्यावर फवारणी होते त्याचं काय? तुडतुडे मरतात, तशी ही फुलपाखरंही मरत असतील.

प्राध्यापक : मरतात. मोहोराच्या दिवसांत बागेतल्या बांडगुळावरची अळी वाचणं कठीणच. म्हणजे तुमच्या कलमावरचं बांडगूळ ठेवूनही फुलपाखराचं फारसं भलं होत नाही. म्हणून मी तुम्हाला बागेतलं ठेवा असं म्हणतच नाही.

काय कापावे, काय ठेवावे

इथे दोन्ही बाजू जवळ येतात. फळबागेतील बांडगुळाने झाडाचे नुकसान होते, यावर दुमत नाही. रानझाडांवरील बांडगूळ अनेक फुलपाखरांना आणि पक्ष्यांना पोसते, यावरही नाही. उरतो तो जागेचा आणि वेळेचा प्रश्न.

बागायतदार : सांगा तर. मी काय करू?

प्राध्यापक : एक, कापायचं ते नीट कापा. पानं ओढून काढलीत तर ते पुन्हा फुटणार. शक्य असेल तिथं गाठीच्या खालून, निरोगी लाकडातून फांदी कापा. दोन, लहान असतानाच कापा. हाताएवढ्या बांडगुळाला कोयती पुरते, झुबक्याला गडी लागतो. तीन, फळ पिकायच्या आत काढा. पिकल्यावर काढलंत तर बी तोवर पक्ष्यांनी पुढं नेलेलं असतं.

बागायतदार : आणि बांधावरचा रायवळ? तो जुना आहे, फळ आंबट, वापर लोणच्यापुरता. त्यावर तीन-चार झुबके आहेत.

प्राध्यापक : तो तुमच्या कलमांना लागून आहे का?

बागायतदार : नाही, ओढ्यापलीकडे.

प्राध्यापक : मग तो ठेवा. झाड सुकायला लागलं तर एखादा झुबका उतरवा. आणि रहाटीतलं कोणी साफसफाईच्या नावाखाली काढत असेल तर गावाच्या बैठकीत तेवढं बोला.

बागायतदार : रहाटीत कोयती घालायची नाही, हा नियम आमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे. तो फुलपाखरासाठी नव्हता, देवासाठी होता.

प्राध्यापक : कारण कोणतंही असो, फुलपाखराला तो उपयोगी पडला.

बागायतदार : एवढं मात्र लिहून ठेवा सर, शेजारच्या पडीक बागेचं काही झालं नाही तर मी एकट्यानं कापून उपयोग नाही.

प्राध्यापक : ते बरोबर. हे वाडीनं मिळून करायचं काम आहे. एकाच आठवड्यात लागून असलेल्या सगळ्या बागा केल्यात तर गड्यांचा खर्चही वाटला जाईल.

बागायतदाराचा आक्षेप बांडगुळाच्या अस्तित्वाला नव्हता, तर आपल्या कलमांवरच्या बांडगुळाला होता. प्राध्यापकांचा आग्रहही प्रत्येक झुबका जपावा असा नव्हता. देवरूखसारख्या ठिकाणी बाग आणि रान शेजारी असल्याने दोन्ही गरजा एकाच वाडीत भागू शकतात. हापूस-काजूच्या बागेतले बांडगूळ लहान असताना आणि फळ पिकण्याआधी गाठीखालून कापावे. देवरहाटीतले, ओढ्याकाठचे आणि बागेपासून दूरच्या रानझाडांवरचे सरसकट काढू नये. पडीक बागांची सफाई मात्र शेजाऱ्यांनी मिळूनच करावी लागेल. तेवढे झाले तर बागायतदाराचे पीक आणि पीकॉक रॉयल या दोघांचेही साधेल.